बालवाडीतल्या बाई दिवसभर नेमकं करतात काय?

बारावी किंवा बीए होऊन घरी असलेल्या सुनेला आपल्याकडे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "बालवाडीत लाग की. अर्धाच दिवस असतो, आणि एवढ्याशा पोरांना शिकवायचं तरी काय?" अर्धा दिवस नसतो, हे नोकरी लागल्यावर आठवड्याभरात कळतं. "शिकवायचं तरी काय" याचं उत्तर मात्र हळूहळू उलगडतं. पुष्कळ पालकांना ते कधीच दिसत नाही, कारण ते वहीत उतरून घरी येत नाही.

मी बरीच वर्षं बालवाडीत काढली आणि आता या कामात नव्याने येणाऱ्या मुलींना शिकवते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर काम करणाऱ्या बाया आपल्याकडे तीन ठिकाणी भेटतात: सरकारी अंगणवाडीतली सेविका, एखाद्या संस्थेच्या किंवा पालिकेच्या बालवाडीतली बाई, आणि खाजगी नर्सरी-केजीतली टीचर. पगार, गणवेश, भिंतींचा रंग सगळं वेगळं. पण समोरचं मूल तेच. म्हणून आधी मुलाकडे पाहू, मग नोकरीकडे.

लिहायला का बसवत नाहीत?

पालकसभेत सर्वांत जास्त येणारी तक्रार ही: "शेजारच्या नर्सरीत पोरं एबीसीडी काढतात, आमच्याला अजून अ काढता येत नाही." याचं उत्तर मुलाच्या मनगटात आहे, अगदी शब्दशः.

मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती हाडं झालेलीच नसतात. तिथे मऊ कूर्चा असते आणि एक्स-रेमध्ये ती जागा रिकामी दिसते. पुढे साधारण वर्षाला एक या वेगाने ती पक्की होत जातात. तीन वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत जेमतेम तीन-चार दिसतात, आणि आठवं दिसायला नऊ-दहा वर्षांच्या पुढे जावं लागतं. हाडांबरोबर स्नायूही मागून येतात. तीन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं आणि रेघ ओढताना हात खांद्यापासून हलवतं. मग हालचाल कोपरात येते, मग मनगटात, आणि सर्वांत शेवटी बोटांत. ही वाट उलटी चालता येत नाही. मुठीतल्या खडूने चार रेघांच्या वहीत "अ" गिरवून घेतला तर तो निघतो, नाही असं नाही. पण मूल पेन्सिल आवळून धरायला शिकतं, बोटं दुखतात, आणि ती पकड पुढे शाळेत सुटता सुटत नाही.

मग बाई काय करतात? त्या मुलाला पावटे सोलायला बसवतात. शेंगेचं टोक अंगठ्याने दाबायचं, शीर ओढायची, फट उघडून दाणा बाहेर ढकलायचा. यात अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट काम करतात, तीच तीन बोटं जी पुढे पेन्सिल धरणार आहेत. कणीक मळणं, ओला रुमाल पिळणं, चिमट्याने चिंचोके एका वाटीतून दुसरीत टाकणं, जाड सुतळीत मणी ओवणं, तांब्यातून पेल्यात न सांडता पाणी ओतणं: ही सगळी लेखनपूर्व तयारी आहे, फक्त कागद नाही. घरी गेल्यावर "आज काय केलं?" विचारलं की मूल सांगतं, "पावटे सोलले." आणि आई म्हणते, त्यासाठी का फी भरतो आम्ही?

हे चालू असताना बाई रिकाम्या बसलेल्या दिसतात. त्या बघत असतात. मणी पसरलेले आहेत. एक मूल डावीकडचे मणी डाव्या हाताने उचलतं आणि शरीराच्या मध्यावर आलं की हात बदलून उजवीकडचे उजव्याने उचलतं. तीन वर्षांच्या मुलात हे नेहमीचंच आहे. साडेपाच वर्षांचं मूलही हात पलीकडे नेत नसेल, तर बाई ते मनाशी टिपून ठेवतात आणि पुढचे काही दिवस त्या मुलाला आडव्या मोठ्या फळ्यावर रंगवायला देतात, चेंडू तिरका फेकायला लावतात. निरीक्षण हा या नोकरीचा गाभा आहे आणि तो कुठल्याही फोटोत येत नाही.

चिऊ-काऊच्या गोष्टीत काय काय भरलेलं आहे

एक होती चिऊ, एक होता काऊ. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, काऊ दार ठोठावतो. इथे चांगली बाई थांबते. "चिऊताई, चिऊताई..." एवढंच म्हणते आणि मुलांकडे बघते. "दार उघड!" अख्खा वर्ग ओरडतो. चिऊ दर वेळी नवी सबब सांगते: थांब, बाळाला अंघोळ घालते, थांब, बाळाला तीट लावते.

आता या पाच मिनिटांत काय झालं ते पाहा. मुलांनी घटनांचा क्रम लक्षात ठेवला. पुढे काय होणार याचा अंदाज बांधला. "थांब, माझ्या बाळाला अमुक करते" या एकाच साच्यात नवी नवी क्रियापदं बसवली, म्हणजे व्याकरण झालं आणि व्याकरणाचं नावही निघालं नाही. शेण आणि मेण पावसात वेगळं का वागतं यावर एखादी वाद घालते. दुसऱ्या दिवशी बाईंनी मुद्दाम "चिऊचं घर शेणाचं" म्हटलं की चिडून चूक दुरुस्त करणारी मुलं वेगळीच. गोष्ट नीट ऐकू शकणारं, परत सांगू शकणारं मूल पुढे पहिलीत धडा वाचून त्याचा अर्थ लावू शकतं. अक्षरं सगळी येतात पण वाचलेलं कळत नाही, अशी जी मुलं तिसरी-चौथीत सापडतात, त्यांतल्या पुष्कळांचं हेच दूध कमी पडलेलं असतं.

बडबडगीतांचंही तसंच. "अडगुलं मडगुलं, सोन्याचं कडगुलं" याला अर्थ शोधत बसू नये. त्यातला "गुलं" कानाला तीनदा भेटतो, आणि शब्द तुकड्यांचे बनलेले असतात हे कान ओळखायला लागतो. पुढची पायरी म्हणजे नावावर टाळ्या: "गौ-री" दोन, "स-मी-रा" तीन. देवनागरी लिपीत हे फारच कामाला येतं, कारण आपलं अक्षर बहुतेक वेळा एका टाळीएवढंच असतं. ज्या मुलाला तोंडी तुकडे पाडता येतात त्याला पहिलीत अक्षर दाखवलं की ते बसायला जागा आधीच तयार असते.

यात एक मोठी गोम आहे, ती म्हणजे भाषा. मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं, पालघरच्या डोंगरातलं वारली, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी, तांड्यावरचं गोरमाटी, खानदेशात अहिराणी. प्रमाण मराठी बोलणाऱ्या बाईंसमोर हे मूल आठवडेच्या आठवडे तोंड उघडत नाही, आणि त्याच्या नावापुढे "मंद" असा शेरा मारायला कुणीतरी टपलेलंच असतं. ते मंद नसतं, ते ऐकत असतं. नवी भाषा कानावर पडायला लागल्यावर लहान मुलं काही काळ गप्प राहतात, हे जगभर दिसतं. अंगणवाडीची सेविका त्याच गावची असावी, हा सरकारी नियम एरवी रोजगाराच्या दृष्टीने पाहिला जातो. मला त्यातला खरा फायदा हा वाटतो की तिला मुलाच्या घरची बोली येते. परगावच्या बाईंनी निदान पाणी, भूक, शी-शू, दुखतंय, आई, घर एवढे शब्द मुलाच्या भाषेतले पहिल्या आठवड्यात शिकून घ्यावेत.

वीसपर्यंत येतं, पण पाच येत नाहीत

"आमची परी शंभरपर्यंत म्हणते." म्हणू दे. तिला सांगा, पाच चिंचोके आण. ती मूठभर आणते. अंक म्हणणं हे गाणं आहे. मोजणं ही वेगळी गोष्ट. मोजताना एका वस्तूला एकच अंक द्यायचा असतो, कुठली वस्तू सोडायची नाही, कुठली दोनदा धरायची नाही, आणि शेवटी उच्चारलेला अंक हा सगळ्या ढिगाचा असतो हे समजावं लागतं. हे शेवटचं मुलांना फार उशिरा उमगतं. "एक, दोन, तीन, चार" असं मोजून झाल्यावर "किती आहेत?" विचारलं की लहानगं पुन्हा एकपासून सुरू करतं.

यासाठी अंगणवाडीत सर्वांत चांगला तास कुठला असेल तर तो जेवणाचा. आज ताटल्या वाटायची पाळी कुणाची? एका मुलाला एक ताटली. ताटल्या संपल्या आणि दोन मुलं उरली, तर अजून किती आणायच्या? सांडशी पकडून उभ्या असलेल्या मदतनीस मावशी इथे गणिताच्या शिक्षिका असतात, भले त्यांच्या कामाच्या यादीत ते कुठे लिहिलेलं नसेल.

जूनचं रडणं

नव्या बाईंची खरी परीक्षा जूनमध्ये. वीस मुलं, त्यांतली बारा रडतायत, आणि एकाचं रडणं थांबलं की त्याला बघून दुसऱ्याचं सुरू. या दिवसांत दोन गोष्टी पालकांना ठणकावून सांगाव्या लागतात. पहिली: मुलाचं लक्ष नसताना मागच्या मागे सटकायचं नाही. त्या वेळी रडणं टळतं, पण आई कुठल्याही क्षणी नाहीशी होऊ शकते, हे मूल शिकतं आणि मग घरीही पदर सोडत नाही. सांगून जायचं, रडलं तरी सांगून जायचं. दुसरी: "बारा वाजता येते" याला तीन वर्षांच्या मुलाच्या लेखी काही अर्थ नाही. त्याचा काळ घड्याळात नसतो, घडणाऱ्या गोष्टींत असतो. "गोष्ट होईल, मग खिचडी खाल, मग हात धुवाल, मग मी दारात असेन." आणि मग खरोखरच दारात असायचं.

जमेल तिथे पहिले तीन-चार दिवस आईला वर्गात बसू द्यावं, पण भिंतीपाशी. तिने खेळात पडू नये. मूल खेळता खेळता वळून बघतं, आई आहे याची खात्री करतं, पुन्हा खेळायला लागतं. हे वळून बघणं दिवसागणिक कमी होतं. कामावर जाणाऱ्या आयांना हे परवडत नाही हे खरंच. तिथे आजी, मावशी, थोरली बहीण, कुणीही चालतं.

भांडणाबद्दल थोडं. एक तीनचाकी आणि दोन दावेदार असले की आपल्याकडची ठरलेली पद्धत म्हणजे "सॉरी म्हण, शेकहँड कर". मूल सॉरी म्हणतं आणि पाठ वळताच पुन्हा ढकलतं. बाईंनी खाली बसावं, दोघांच्या उंचीवर यावं आणि जे झालं ते शब्दांत मांडावं: "तुला गाडी हवी होती. तू ओढलीस. त्याला लागलं, तो रडतोय. आता काय करू या?" उत्तर लगेच येत नाही. पण चावणं आणि ढकलणं हे बहुधा शब्द अपुरे पडल्याचं लक्षण असतं, आणि बाई ते शब्द पुरवत असतात. दिवसातून दहा वेळा पुरवतात. संध्याकाळी घरी गेल्यावर स्वतःच्या पोरांशी बोलायला आवाज उरत नाही, ही या नोकरीची एक किंमत.

हे सगळं आलं कुठून

लहान मुलांना शिकवण्याचं शास्त्र आपल्याकडे आयात झालं खरं, पण इथल्या मातीत आल्यावर ते बदललं. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांची, मुलांनी साधनं हाताळत शिकायची पद्धत दोघांनाही पटलेली होती. अडचण होती तिच्या साधनांची. घासून गुळगुळीत केलेले लाकडी ठोकळे, मोजून-मापून बनवलेले दांडे खेड्यातल्या शाळेला परवडणारे नव्हते.

१९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. गावात बालवाडी सुरू झाली, पण वंचित वस्त्यांतली मुलं तिथपर्यंत येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली, घरांच्या अंगणात. मुलांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, आणि खडे, शिंपले, पानं, बिया जे हाती लागेल त्यातून शिकवायचं. अंगणवाडी ही कल्पना तिथली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं गुरं राखायला जात म्हणून शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर गुरं चरतात त्या कुरणावर शाळा भरवली गेली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, पण त्यांचं खरं स्मारक म्हणजे चिंचोके आणि शंखशिंपले भरलेला तो डबा, जो आजही महाराष्ट्रातल्या कुठल्याही बऱ्या बालवाडीत सापडतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हटलं गेलं. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात एक लाखाच्या वर. नाव आलं, पण योजनेचा भर आहारावर आणि आरोग्यावर राहिला. ते साहजिकही होतं. मुलं कुपोषणाने मरत होती. पण त्यामुळे शिक्षण हे सहा सेवांपैकी एक होऊन मागच्या बाकावर बसलं.

सेविकेचा दिवस

त्या सहा सेवा अशा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजूंना दवाखान्यात पाठवणं, आया-मुलींना आहार-आरोग्याची माहिती, आणि अनौपचारिक पूर्व-प्राथमिक शिक्षण. म्हणजे तीन ते सहा वयाच्या मुलांना गरम ताजा आहार देणं; सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी आणि गरोदर व स्तनदा मातांसाठी घरी न्यायचा शिधा वाटणं, ज्याला सगळे टीएचआर म्हणतात; दर महिन्याला वजन-उंची; लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंबरोबर उभं राहणं; दुपारी गृहभेटी. आदिवासी भागात अमृत आहार योजनेखाली गरोदर आणि स्तनदा बायांना एक वेळचं पूर्ण जेवणही अंगणवाडीतून दिलं जातं.

यातली एकच कृती जवळून पाहा. दंडघेर पट्टी ही कागदी मोजपट्टीसारखी असते, तिच्यावर लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे. बाळाच्या डाव्या दंडाचा मध्य शोधायचा, पट्टी गुंडाळायची, ओढायची नाही आणि सैलही सोडायची नाही. ११.५ सेंटिमीटरच्या खाली आलं तर लाल: तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ च्या मध्ये पिवळा: मध्यम. आई समोर बसलेली असते आणि रंग तिलाही दिसतो. त्या क्षणी तिला न ओरडता, न घाबरवता काय सांगायचं, हे कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकात धड लिहिलेलं नाही.

मग नोंदी. २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे मोबाइल अ‍ॅप आलं. त्याच वर्षी राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन चालत नाहीत आणि अ‍ॅप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. पुढे भाषेची सोय झाली, पण कामही वाढलं: २०२५ पासून टीएचआर देताना लाभार्थीचा चेहरा फोनवर पडताळावा लागतो. रेंज नसलेल्या पाड्यावर बाई फोन उंच धरून शाळेच्या मागच्या टेकाडावर चढतात, आणि तेवढा वेळ वीस मुलं मदतनीस मावशींच्या भरवशावर असतात. राष्ट्रीय बालसंगोपन-शिक्षण धोरणाने २०१३ मध्ये तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी असं म्हटलं. कागदावर सेविका एक आहेच. ती वर्गात किती वेळ असते, हे कागद विचारत नाही.

एक काम मात्र असं आहे की जे सेविकेशिवाय दुसरं कुणी करूच शकत नाही. हाक मारली तर वळत नाही, एकाच बाजूने चित्राकडे बघतो, चार वर्षांची झाली तरी दोन शब्द जोडत नाही, हे आधी तिच्या ध्यानात येतं, कारण तिच्यासमोर त्याच वयाची आणखी मुलं असतात. घरच्यांना तुलना करायला कुणी नसतं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी "या मुलाचे कान तपासा" असं बोट दाखवून सांगणारी बाई असेल तर पथकाचा उपयोग. नाहीतर मोजणी होते आणि गाडी पुढे जाते.

पगार म्हणायचा की मानधन

सेविकेला मिळतं ते कायद्याच्या भाषेत मानधन, आणि या शब्दावर बरंच काही अडून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत असा निर्णय दिला. मग वेतनश्रेणी, पेन्शन सगळ्याला पाचर बसली. २५ एप्रिल २०२२ च्या निकालात, गुजरातच्या सेविकांच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने १९७२ च्या कायद्याखाली त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे असं सांगितलं. या निकालातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे: अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी चालतं ते शिक्षणाचंच काम आहे आणि ते सेविका-मदतनीस करतात, हे न्यायालयाने स्पष्ट नोंदवलं.

आकडे असे. केंद्राने ठरवलेलं सेविकेचं मूळ मानधन २०१८ पासून महिना ४,५०० रुपये, त्यावर राज्य आपली भर घालतं. महाराष्ट्राने मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकेचं एकूण मानधन ८,३२५ वरून १०,००० केलं, मदतनीसचं ४,४२५ वरून ५,५००. तेवढ्याने भागलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात सुरू झालेला बेमुदत संप जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत चालला. २०२४ मध्ये पुन्हा वाढ झाली. सेविका होण्यासाठी आता बारावी उत्तीर्ण आणि त्याच गावची किंवा वॉर्डातली रहिवासी असावं लागतं.

खाजगी नर्सरीत मानधनाचा प्रश्न नाही, पण पगाराचा आहेच. गल्लीतल्या पुष्कळ प्लेग्रुपमध्ये तो अंगणवाडीपेक्षा कमी असतो आणि मे महिन्याचा मिळेलच असं नाही. वर तिथली कामं निराळी. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज फोटो, दर सणाला सजावट, डिसेंबरभर स्नेहसंमेलनाची तालीम, आणि क्राफ्ट. भिंतीवर पंचवीस फुलपाखरं लावलेली असतात, पंचवीसच्या पंचवीस हुबेहूब सारखी. ती बाईंनी रात्री जागून केलेली असतात. मुलांनी केली असती तर त्यांतली निदान चार तरी बेडकासारखी दिसली असती.

धोरण बदललंय, थोडंफार

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला: बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं त्यात म्हटलं आहे. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका, अशी योजना आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, २०२३ मध्ये केंद्राने "पोषण भी, पढाई भी" म्हणत अंगणवाडीतल्या शिक्षणाकडे पुन्हा मोर्चा वळवला. कागद चांगले आहेत, खरंच चांगले आहेत. पण शिक्षण हक्क कायदा अजून सहा ते चौदा वयालाच लागू आहे. तीन ते सहासाठी त्याचं कलम ११ सरकारने "व्यवस्था करावी" या सुरात बोलतं, हक्काच्या सुरात नाही. जोवर तसं आहे तोवर सेविका शिक्षिका आहे की नाही हा वाद मिटणार नाही.

या कामात यायचं असेल, किंवा मूल घालायचं असेल तर

यायचं असेल तर कोर्स करायच्या आधी आठवडाभर एखाद्या बालवाडीत नुसतं बसून बघा. मुलांचा गोंगाट तुम्हाला चालतो का? शी धुवायची तयारी आहे का? एकच गोष्ट सलग नवव्यांदा सांगताना चेहरा खरा राहतो का? हे जमलं तर मॉन्टेसरी, नर्सरी टीचर ट्रेनिंग किंवा बालशिक्षणाची पदविका, काहीही करा. मात्र प्रत्यक्ष मुलांबरोबर सराव नसलेल्या, घरबसल्या प्रमाणपत्र देणाऱ्या कोर्सवर पैसे घालू नका.

मूल घालायचं असेल तर एसी आणि सीसीटीव्ही बघून झाल्यावर आणखी काही बघा. संडासाचं भांडं आणि नळ मुलाच्या उंचीला आहेत का. खेळणी कपाटात कुलूपबंद आहेत की मुलांच्या हाताला येतील अशी मांडलेली. माती, पाणी, वाळू कुठे दिसते का. पाच मिनिटं गप्प उभं राहून ऐका: जास्त कोण बोलतंय, बाई की मुलं? बाई मुलाशी बोलताना खाली बसतात का? आणि फी विचारायच्या आधी विचारा, इथल्या बाई किती वर्षं आहेत. या वयात मूल शाळेला चिकटत नाही, एका माणसाला चिकटतं. दर जूनला बाई नव्या दिसत असतील तर त्यांना पगार काय देता, हेही विचारायला हरकत नाही.